एनएचएस : दीड वर्षाचा रिव्ह्यू, पाचात साडेतीन

इंग्लंडला निघालेल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी सांगतंच की अरे तिकडे एनएचएस, म्हणजे सरकारी दवाखाना, फुकट आहे. फुकट वगैरे काही नाही हो. व्हिसाचा फॉर्म भरतानाच हेल्थ सरचार्ज भरून घेतात, मोठ्या माणसाचे वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलांचे ७७६, आणि जितक्या वर्षांचा व्हिसा तितक्या वर्षांचे एकदम. आम्ही दोघं आणि लेक, तीन वर्षं, झाले ८,५३८ पौंड, म्हणजे नऊ लाखांच्या आसपास, विमानात पाय ठेवायच्या आधी. (फेब्रुवारी २०२४ च्या आधी मोठ्यांना ६२४ होता, तेव्हा आलेल्यांनी गप्प बसावं.) वर नवऱ्याच्या पगारातून नॅशनल इन्शुरन्स कापला जातो तो वेगळाच. त्यामुळे हा रिव्ह्यू पैसे मोजलेल्या गिऱ्हाइकाचा आहे, उपकार मानणाऱ्या पाहुणीचा नाही.

सगळ्यात मोठी चूक माझीच. आल्या आल्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवायचं असतं, आजारी पडायची वाट बघायची नसते. मी नाशिकहून तीन महिन्यांच्या थायरॉइडच्या गोळ्या आणल्या होत्या म्हणून निवांत होते, शेवटची पट्टी उघडली तेव्हा जाग आली. जीपीच्या दवाखान्याला इथे सर्जरी म्हणतात, आईला फोनवर म्हटलं सर्जरीत जाऊन येते तर तिकडे रडारड सुरू. असो. तर तिथल्या रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या पत्त्याचा पुरावा आणा, लाइट बिल चालेल. आता आमचं लाइट बिल घरमालकाच्या नावावर, बँकेचं स्टेटमेंट अजून आलेलं नाही, आले परत. रात्री एनएचएसच्या साइटवर वाचलं तर चक्क लिहिलंय की नाव नोंदवायला पत्त्याचा किंवा ओळखीचा पुरावा किंवा व्हिसाचे कागद लागत नाहीत! दुसऱ्या दिवशी ते पान प्रिंट करून घेऊन गेले. बाईंनी वाचलं, आत गेल्या, बाहेर आल्या आणि न बोलता फॉर्म पुढे सरकवला. त्या फॉर्मचं नाव जीएमएस १, ऑनलाइन पण भरता येतो. काही दिवसांनी दहा आकडी एनएचएस नंबर आला, तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, सगळीकडे विचारतात.

आता अपॉइंटमेंट. आपल्याकडे कसं, संध्याकाळी सात वाजता फॅमिली डॉक्टरकडे जाऊन बाकड्यावर बसलं की नंबर येतोच. इथे आमच्या सर्जरीत सकाळी आठला फोन लावायचा, आठ वाजून एक मिनिटाने लावला तर रांगेत तुम्ही तेविसावे. आणि रिसेप्शनवर आधी सांगायचं काय होतंय ते, मला पहिल्यांदा इतकी लाज वाटली की पाळीचा त्रास होता आणि मी सांगितलं पोट दुखतंय. तसं करू नका, कारण कोणाकडे पाठवायचं हे त्यावरच ठरतं, नर्सकडे की फार्मासिस्टकडे की डॉक्टरकडे. ऑक्टोबर २०२५ पासून सर्जरीने अपॉइंटमेंट मागायचा ऑनलाइन फॉर्म कामाच्या वेळात दिवसभर उघडा ठेवायचा नियम झालाय, तेव्हापासून मी फोनच्या वाटेला जात नाही.

डॉक्टर मात्र आवडल्या. वेळ दहाच मिनिटं, शक्यतो एकच तक्रार सांगायची, पण त्या दहा मिनिटांत नीट ऐकून घेतलं. ना इंजेक्शन, ना पाच रंगांच्या गोळ्या. रक्त तपासणी त्यांनीच लिहून दिली, तिचा एक पैसा नाही, रिपोर्ट एनएचएसच्या अॅपवर. एंडोक्रायनोलॉजिस्टकडे जाऊ का विचारलं तर म्हणाल्या गरज नाही, आम्हीच बघू. आपल्याला थेट स्पेशालिस्ट गाठायची सवय, इथे जीपीने चिठ्ठी दिल्याशिवाय ते दार उघडत नाही, आणि चिठ्ठी मिळाली तरी १८ आठवड्यांत उपचार सुरू करायचं टार्गेट नुसतं म्हणायला आहे. नवऱ्याला गुडघ्यासाठी सात महिने झाले, अजून पत्र नाही.

औषधांचं ऐका, हे कोणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये प्रिस्क्रिप्शनवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड, औषध स्वस्त असो की महाग (स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंडमध्ये शून्य). मी थायरॉइडची आणि अॅसिडिटीची गोळी मिळून १९.८० भरले, दोनदा भरले. तिसऱ्यांदा फार्मसीतले गुजराती काका म्हणाले, बेन, थायरॉइड छे ने, मग पैसे का भरता? हायपोथायरॉइडची रोजची गोळी असेल तर मेडिकल एक्झेम्प्शन सर्टिफिकेट मिळतं, सर्जरीतून एफपी ९२ ए फॉर्म घ्यायचा, पाच वर्षं चालतं आणि नुसती थायरॉइडची नाही, सगळीच औषधं फुकट! डायबेटिसच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनाही मिळतं. आपल्या ग्रुपमधल्या निम्म्या बायकांना थायरॉइड आहे, एकीलाही माहीत नव्हतं. सर्जरीने मला सांगायला हवं होतं, तिथला अर्धा स्टार कापला. आणि सर्टिफिकेट येईपर्यंत पैसे भरावे लागले तर तिथल्या तिथे एफपी ५७ पावती मागून घ्या, नंतर मागितली तर मिळत नाही आणि पावतीशिवाय रिफंड नाही.

काकांच्याच फार्मसीत लेकीचा कान दुखत होता तेव्हा गेलो, शनिवार सकाळ, सर्जरी बंद. फार्मसी फर्स्ट म्हणून योजना आहे जानेवारी २०२४ पासून, घसा, सायनस, मुलांचा कान, बायकांचं युरिन इन्फेक्शन अशा सात दुखण्यांवर फार्मासिस्टच तपासून औषध देऊ शकतो. आतल्या छोट्या खोलीत नेऊन कानात लाइट टाकून बघितलं, ड्रॉप दिले, मुलांना औषध फुकट. वीस मिनिटं. याला पाचपैकी पाच.

रात्री-बेरात्री १११ ला फोन करायचा, ते सांगतात थांबा की इमर्जन्सीत जा. खरंच जिवावरचं असेल तर ९९९, तिथे विचार करत बसू नका. नवऱ्याने सुरण चिरताना बोट कापून घेतलं तेव्हा आम्ही इमर्जन्सीत सहा तास बसलो, समोर स्क्रीनवर वेटिंगचा आकडा वाढतच होता. टाके मात्र व्यवस्थित घातले. मग नर्स म्हणाली जा आता, आणि नवरा पाकीट हातात धरून पंधरा मिनिटं बिलिंग काउंटर शोधत फिरला.

सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर येणार असतील तर एवढं करा, ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतल्याशिवाय विमानात बसवू नका. जीपीला दाखवणं, इमर्जन्सीत तपासणं याचे पैसे नाहीत, पण अॅडमिट केलं की दीडपट दराने बिल लागतं.

दातांना मी स्टारच देत नाही. एनएचएसच्या दरात दात भरायचे २०२५-२६ मध्ये ७५.३० पौंड होते, दर ठीक आहे, पण नवीन पेशंट घेणारा डेंटिस्ट मिळाला पाहिजे ना. अकरा ठिकाणी फोन केले, दोघांनी वेटिंग लिस्टमध्ये घेतलं, बाकीचे प्रायव्हेटला या म्हणाले. डिसेंबरची तिकिटं काढलीत, नाशिकला कॉलेज रोडवरच्या आमच्या जुन्या डॉक्टरांकडे तिघांच्या अपॉइंटमेंट व्हॉट्सअॅपवर झाल्या पण.