ओळखीच्या मॉनला वेगळा सेट, दुर्लक्षित मॉन की अख्खी गिमिक टीम? पोकेमॉनमध्ये हटके बिल्ड बनवायच्या आधी

कॉम्पिटिटिव्ह पोकेमॉन थोडे दिवस खेळलं की लॅडरवर (ऑनलाइन रँकिंगच्या मॅचमध्ये) तेच चेहरे, तेच आयटम, तेच चार मूव्ह बघून हात शिवशिवायला लागतात, की आता आपलं स्वतःचं काहीतरी बनवायचं. बनवाच, या गेममधला सगळ्यात मजेचा भाग तोच आहे. पण "हटके बिल्ड" या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांना लागणारा वेळ, त्यातली रिस्क, मिळणारा फायदा सगळंच वेगळं असतं. एक, सगळ्यांच्या ओळखीचा मॉन (म्हणजे पोकेमॉन) घ्यायचा आणि त्याला अनपेक्षित सेट, म्हणजे मूव्ह, आयटम आणि स्टॅटची मांडणी, द्यायचा. दोन, कोणी ढुंकूनही बघत नाही असा मॉन घ्यायचा आणि त्याच्यासाठी काम शोधायचं. तीन, अख्खी टीमच एका कल्पनेभोवती उभी करायची. यातलं कुठलं निवडायचं हे ठरवायला मी एकच प्रश्न आधी विचारतो: समोरच्याला तुमचा डाव पूर्ण कळला, तरी तो चालेल का?

हा प्रश्न आता आधीपेक्षा जास्त महत्त्वाचा झालाय, कारण स्कार्लेट-व्हायोलेट या गेमच्या काळात, म्हणजे २०२३ च्या सीझनपासून, ऑफिशियल व्हीजीसी (दोन-दोन मॉन एकदम लढवायच्या, डबल्सच्या) टूर्नामेंटमध्ये ओपन टीम शीट आली. मॅचच्या आधीच समोरच्याला तुमचे सहाही मॉन, त्यांचे आयटम, अ‍ॅबिलिटी, चारही मूव्ह आणि टेरा टाइप (मॅचमध्ये एकदा बदलून घेता येणारा टाइप) दिसतात. दिसत नाहीत ते फक्त ईव्ही (ट्रेनिंगने मिळणारे स्टॅटचे पॉइंट), आयव्ही (जन्मजात पॉइंट) आणि नेचर (एक स्टॅट वाढवून दुसरा कमी करणारा स्वभाव). म्हणजे "अरे, याच्याकडे हा मूव्ह होता?" या एका धक्क्यावर जगणारा सेट तिथे पहिल्या टर्नच्या आधीच मेलेला असतो. गेममधल्या रँक्ड लॅडरवर शीट उघडी नसते, तिथे धक्का अजून चालतो, पण तो एकदाच चालतो, आणि बेस्ट ऑफ थ्री असेल तर दुसऱ्या गेमला तुमच्या हातात काय उरतं ते बघायला लागतं.

आता पहिला मार्ग. ओळखीच्या मॉनला वेगळा सेट, हा मला नवीन बिल्डरसाठी सगळ्यात चांगला वाटतो आणि सगळ्यात जास्त बोलण्यासारखंही इथेच आहे. याचं जुनं आणि सुंदर उदाहरण म्हणजे चॉइस स्कार्फवाला टायरानिटार. हा आयटम स्पीड दीडपट करतो, पण मॉनला एकाच मूव्हला लॉक करतो. टायरानिटारचा बेस स्पीड फक्त ६१, जाडजूड दगडी प्राणी, त्याला स्पीडचा आयटम द्यायचा हे ऐकायलाच विचित्र वाटतं. पण लेव्हल १०० ला जॉली नेचर आणि पूर्ण २५२ स्पीड ईव्ही दिले की त्याचा स्पीड २४३ होतो, स्कार्फने दीडपट झाला की ३६४. बेस ११० वाला लॅटिओस जास्तीत जास्त ३५० ला जातो, बेस ११५ वाली स्टारमी ३६१ ला. म्हणजे जे सायकिक टाइप "हा हळू आहे" म्हणून निवांत बसायचे त्यांच्या आधी हा मारायचा, आणि पळून जायला लागले तर परस्यूट, ज्याची ताकद स्विच होणाऱ्यावर दुप्पट व्हायची. लॅटिओस थांबला तर क्रंच खाणार, गेला तर परस्यूट खाणार. हे सगळ्यांना कळल्यावर काय झालं? सेट मेला नाही, उलट चौथ्या-पाचव्या जनरेशनमध्ये तोच स्टँडर्ड झाला. माझ्यासाठी चांगल्या हटके सेटची हीच खूण आहे, की तो लपवायची गरजच राहत नाही.

असंच रोटॉम वॉशचं. स्कार्फ आणि ट्रिक (आयटमची अदलाबदल करणारा मूव्ह) घेऊन तो येतो, समोर चिवट वॉल, म्हणजे नुसता मार सोसणारा मॉन, बसली की आपला स्कार्फ तिच्या गळ्यात टाकतो आणि ती बिचारी एकाच मूव्हला लॉक होते, रिकव्हर दाबलं तर रिकव्हरच दाबत बसणार. इथे आयटमचा उपयोग स्वतःसाठी कमी आणि समोरच्याचं वाटोळं करायला जास्त आहे.

पण या मार्गात एक हिशोब लोक करत नाहीत. प्रत्येक वेगळ्या निवडीसाठी तुम्ही काहीतरी सोडलेलं असतं. लेफ्टओव्हर्स काढून दुसरा आयटम दिला तर दर टर्नला १/१६ एचपी परत मिळत होता तो गेला. एखाद्या काउंटरला (तुमच्या मॉनला हमखास अडवणाऱ्याला) मारायला चौथ्या स्लॉटमध्ये खास मूव्ह घातला तर तिथला प्रोटेक्ट किंवा रिकव्हरी गेली. मग तो काउंटर किती मॅचमध्ये समोर येतो, आणि सोडलेली गोष्ट किती मॅचमध्ये लागते, हे दोन आकडे मनात समोरासमोर ठेवायचे. एखाद्या मॉनला मारायला अख्खा स्लॉट घालवला आणि तो मॉन लॅडरवर क्वचितच दिसत असेल तर तो सेट हुशार दिसतो पण टीमला कमजोर करतो.

ओपन टीम शीटमध्ये तर पहिल्या मार्गाचा खरा खजिना ईव्हीमध्येच आहे कारण तेवढंच झाकलेलं राहतं. लेव्हल ५० ला, आयव्ही ३१ असेल तर पहिल्या ४ ईव्हीला एक पॉइंट मिळतो आणि नंतर दर ८ ला एक, म्हणून ४, १२, २०, २८ असेच आकडे कामाचे, मधले वाया. आता बघा, बेस स्पीड ५० चा मॉन, स्पीड वाढवणारं नेचर, पूर्ण ईव्ही आणि स्कार्फ, तर त्याचा स्पीड १६८. बेस १०० चा मॉन पूर्ण जोर लावून १६७. एका पॉइंटने पुढे! समोरच्याला शीटवर स्कार्फ दिसतोय, पण तुम्ही स्पीडमध्ये पूर्ण ईव्ही टाकलेत की थोडे बल्कमध्ये (टिकाऊपणात) टाकलेत हे त्याला कळत नाही. तसंच उलट बाजूने, अटॅकरचे काही ईव्ही काढून तो एक ठराविक मार सोसेल इतकाच जाड करायचा. डॅमेजचा रोल ०.८५ ते १.०० मध्ये कुठेही पडतो, १६ शक्यता असतात, तर कॅल्क्युलेटरमध्ये बघायचं की सोळाच्या सोळा रोलला वाचतोय का. पंधराला वाचत असेल आणि सोळाव्यासाठी खूप ईव्ही जात असतील तर मी पंधरावर थांबतो. ही कामं बाहेरून अजिबात हटके दिसत नाहीत, पण मॅच इथेच जिंकल्या जातात.

दुसरा मार्ग, दुर्लक्षित मॉन. इथे पाचिरिसूचं नाव घ्यावंच लागतं. २०१४ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये, वॉशिंग्टन डीसीला, कोरियाच्या सेजुन पार्कने मास्टर्स गटात पाचिरिसू घेऊन किताब जिंकला. बेस स्टॅट्सची बेरीज फक्त ४०५, अटॅक ४५, स्पेशल अटॅक ४५, कागदावर काहीच नाही. लोकांना गोष्ट एवढीच आठवते की छोट्या खारीने मोठमोठ्यांना हरवलं, आणि ती गोष्ट गोडच आहे, पण बिल्डरने त्याच्या आत बघायला पाहिजे. पाचिरिसूकडे फॉलो मी होतं, म्हणजे शेजारच्यावर येणारे मार तो स्वतःकडे ओढायचा. अ‍ॅबिलिटी व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब, म्हणजे इलेक्ट्रिक मूव्ह अंगावर आला तर उलट एचपी वाढणार. आणि टीममध्ये होता गॅरॅडॉस, ज्याला इलेक्ट्रिक चौपट लागतं. जोडी लागली! त्या काळात मार ओढायला लोक अमूंगस वापरायचे, पण त्याचा रेज पावडर ग्रास टाइपवर आणि सेफ्टी गॉगल्स घातलेल्यावर चालत नाही, फॉलो मी चालतं. मारायला सुपर फँग, जो समोरच्याचा उरलेला एचपी अर्धा करतो, तिथे स्वतःचा अटॅक ४५ असो नाहीतर १४५, काही फरक पडत नाही. नझल नक्की पॅरालाइज करतं. म्हणजे त्या सेटमध्ये कमकुवत स्टॅटला हात लावणारं काहीच नव्हतं, सगळं काम अशा गोष्टींवर होतं ज्या आकड्यांवर अवलंबून नाहीत.

म्हणून दुर्लक्षित मॉन उचलताना प्रश्न हाच, की हा असं कुठलं काम करतो जे पॉप्युलर मॉन करू शकत नाही? "तेच काम जरा कमी चांगलं करतो" असं उत्तर आलं तर आवडता मॉन म्हणून खुशाल खेळवा, पण जिंकण्यासाठी निवडला असं स्वतःला सांगू नका. आणि पाचिरिसू नुसता उचलून, इलेक्ट्रिकला घाबरणारा जोडीदार नसलेल्या टीममध्ये टाकला तर त्याची अर्धी किंमत तिथेच गेली.

इव्होलाइटवाले मॉन याच वाटेवरचे. पूर्ण इव्हॉल्व न झालेल्याचा डिफेन्स आणि स्पेशल डिफेन्स दीडपट करणारा हा आयटम पाचव्या जनरेशनमध्ये आला आणि पोरीगॉन २, डस्कलॉप्स, चॅन्सी असे मॉन आपल्याच पुढच्या रूपापेक्षा जास्त टिकाऊ झाले. फक्त नॉक ऑफ लागला की आयटमही जातो आणि तो मूव्ह दीडपट जोरात लागतो, त्यामुळे नॉक ऑफ भरपूर असलेल्या मेटात (सध्या चलती असलेल्या टीम्समध्ये) याचा हिशोब वेगळा. आताच्या काळातलं मला आवडणारं उदाहरण म्हणजे लेव्हिटेट असलेली मिसमॅगियस आणि तिला टेरा इलेक्ट्रिक. टेरा झाल्यावर ती फक्त इलेक्ट्रिक, एकमेव कमजोरी ग्राउंड, आणि लेव्हिटेटमुळे तीही लागत नाही. शीटवर सगळं उघडं दिसतंय आणि तरी समोरचा मोल्ड ब्रेकर किंवा ग्रॅव्हिटीसारखं लेव्हिटेट निकामी करणारं काही घेऊन आला नसेल तर त्याच्याकडे सुपर इफेक्टिव्ह काहीच नाही.

तिसरा मार्ग, अख्खी गिमिक टीम. सगळ्यात दिमाखदार आणि सगळ्यात ठिसूळ. डबल्समध्ये व्हिम्सिकॉट आणि टेराकियॉन घ्या: व्हिम्सिकॉट स्वतःच्या जास्त स्पीडमुळे आधी हलतो आणि आपल्याच टेराकियॉनवर बीट अप मारतो, चार मॉन धडधाकट असतील तर चार डार्क हिट, टेराकियॉनच्या जस्टिफाइड अ‍ॅबिलिटीने दर हिटला अटॅक एक पायरी वर, चार पायऱ्या म्हणजे अटॅक तिप्पट. पहिल्याच टर्नला! पण समोरच्याने टेराकियॉनला फेक आउट (आधी लागून समोरच्याची टर्न फुकट घालवणारा मूव्ह) मारला की तो टर्न गेला, आणि दोन्ही बाजूंना प्लॅन माहीत असेल तर पुढची प्रत्येक टर्न तुम्ही बचावात खेळता. कव्हर्ट क्लोक दिला तर फेक आउटचा फ्लिंच टळतो, पण मग डॅमेज वाढवणारा आयटम गेला, परत तोच हिशोब.

डोंडोझो आणि तात्सुगिरी बघा, तात्सुगिरी तोंडात शिरला की डोंडोझोचे पाचही स्टॅट दोन-दोन पायऱ्या चढतात. टीम प्रिव्ह्यूमध्येच सगळं कळतं, कोणाला आश्चर्य वाटत नाही, तरी चालतं, कारण ताकद खरी आहे. पण समोर हेझ आला की सगळ्या पायऱ्या खाली.

लेव्हल १ च्या एरॉनसारखे प्रकार, म्हणजे स्टर्डीने एक मार सोसायचा, एंडेव्हरने समोरच्याचा एचपी आपल्याइतकाच करायचा, शेल बेलने परत भरायचं आणि सँडस्टॉर्मने त्याला संपवायचं, हे एकदा तरी खेळून बघण्यासारखं आहे. पण समोर घोस्ट आला तर एंडेव्हर लागतच नाही, आणि स्कार्लेट-व्हायोलेटच्या रँक्डमध्ये तर सगळे लेव्हल ५० ला आणले जातात, म्हणजे कल्पनाच बाद.

गिमिकमध्ये नियमांचाही धोका असतो. स्मोगॉन या फॅन कम्युनिटीच्या सध्याच्या ओयूमध्ये (त्यांच्या मुख्य सिंगल्स फॉरमॅटमध्ये) बॅटन पास, शेड टेल, शॅडो टॅग (समोरच्याला स्विच होऊ न देणारी क्षमता) हे सगळं बॅन आहे, इव्हेजन वाढवणारे मूव्हही चालत नाहीत. व्हीजीसीमध्ये शॅडो टॅग आणि पेरिश साँग लावून समोरच्याला कोंडणं हा मान्य डाव, सिंगल्स ओयूमध्ये तोच बेकायदा. तर आधी फॉरमॅट, मग कल्पना. स्मोगॉनच्या सिंगल्समध्ये सहाच्या सहा मॉन येतात आणि मॅच लांब चालते, तिथे पहिला मार्ग जास्त फळतो कारण एक लपलेला मूव्ह योग्य वेळी वॉल फोडतो आणि मागून दुसरा स्वीप करतो. व्हीजीसी डबल्समध्ये सहातले चार निवडायचे असतात, त्यामुळे गिमिक घेऊन गेलात तरी काउंटर दिसला की ती जोडी मागे ठेवून बाकीच्या चौघांनी खेळता येतं, आणि ते चौघं स्वतःच्या जोरावर उभे राहात असतील तरच ती टीम घ्या.

बनवायच्या खर्चातही फरक आहे. शोडाउन या ऑनलाइन सिम्युलेटरवर सगळं फुकट आणि काही मिनिटांत, तिथे तिन्ही मार्ग सारखेच. गेममध्ये मात्र नेचर मिंटने बदलतं, ईव्ही व्हिटॅमिनने भरतात, एकाला १० या हिशोबाने २५२ साठी २६ लागतात, आणि आयव्ही बॉटल कॅपने वाढतो. वाढतो, कमी होत नाही. त्यामुळे ट्रिक रूमसाठी (ज्यात हळू मॉन आधी हलतात) ० स्पीड आयव्हीचा टॉरकोल हवा असेल तर ब्रीडिंग करत बसा किंवा तसाच सापडेपर्यंत पकडत राहा. ट्रिक रूमची टीम पहिल्यांदाच करत असाल तर आधी शोडाउनवर पुरेशी खेळा, मगच गेममध्ये हात घाला.

तर मी कोणाला काय सांगेन: लॅडरवर नुकतेच स्थिरावत असाल तर पहिला मार्ग, आणि एका वेळी टीममधल्या एकाच मॉनचा सेट बदला, दोन बदललेत तर जिंकलात कशामुळे ते कळणार नाही. एखादा मॉन मनापासून आवडत असेल तर दुसरा, पण टीम त्याच्याभोवती बांधा, तयार टीममध्ये त्याला कोंबू नका. गिमिक टीम बेस्ट ऑफ वनच्या लॅडरसाठी किंवा मित्रांशी खेळायला घ्या, टूर्नामेंटला न्यायची असेल तर आधी एखाद्या ओळखीच्या खेळाडूला पूर्ण टीम दाखवून त्याच्याशी सलग खेळा, आयटम आणि मूव्ह सगळे सांगून. रिप्लेमध्ये बघा, तुमचा डाव माहीत असताना त्याने पहिल्या टर्नला काय केलं. तो दर वेळी एकच उत्तर देत असेल तर त्या उत्तराला मारणारा मूव्ह टीममध्ये आहे का ते शोधा, आणि नसेल तर ती टीम अजून तयार झालेली नाही.