आमच्या वाडीची जिल्हा परिषद शाळा : शिक्षक पात्र आहेत, पण दोनच आहेत

कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या वाडीत पहिली ते पाचवीची जिल्हा परिषद शाळा आहे. पट ५८, शिक्षक दोन, खोल्या तीन. माझी मुलगी दुसरीपासून इथे आहे, यंदा चौथीत गेली. रंगकाम, टीव्ही, हात धुवायचे नळ सगळं ठीक आहे. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार तेवढं बदलायला हवं. पालक म्हणून शाळेचा हा अभिप्राय लिहितेय, तो शिकवणाऱ्या माणसांबद्दल. मी स्वतः डी.एड. (प्राथमिक शिक्षकाची पदविका) आहे. २०१२ ला शिक्षक भरती बंद झाली आणि आमच्यासारख्या कितीतरी जणी घरी बसल्या. मी आता शिवणकाम करते, पण कुठल्याही वर्गात पाऊल टाकलं की नजर आधी फळ्याकडे जाते.

मुलगी दुसरीत असताना ४२ वजा १७ चं उत्तर ३५ लिहायची. वर दोन, खाली सात, मग मोठ्यातून लहान वजा. तिच्या आधीच्या खासगी शाळेत असल्या चुकांवर लाल फुली मारून 'प्रॅक्टिस करून घ्या' असा शेरा यायचा. इथल्या बाईंनी वही पाहिली, काही न बोलता काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "यातल्या सतरा मला दे." दोन काड्या देऊन ती अडली. बराच वेळ गठ्ठ्यांकडे बघत राहिली, मग स्वतःच एकाचा रबर सोडला. बाईंनी मदत केली नाही, फक्त थांबल्या. चूक नेमकी कुठे होते ते ओळखणं आणि तिथे मुलाला वेळ देणं, डी.एड.ची दोन वर्षं, सराव पाठ आणि टाचणवह्या (पाठाची तयारी लिहायच्या वह्या) यासाठीच असतात. नुसतं गणित येणाऱ्या माणसाला ते आपोआप जमत नाही.

त्या खासगी शाळेत मी एकदा विचारलं होतं, पहिलीच्या मॅडमचं शिक्षण काय? "एम.ए. बी.एड. आहेत, खूप क्वालिफाइड," असं उत्तर मिळालं. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झाली आहे का म्हटल्यावर विषय बदलला. पालकांनी इथेच कान टवकारायला हवेत. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर बारावीला किमान ५० टक्के, प्राथमिक शिक्षणाची दोन वर्षांची पदविका (पूर्वीचं डी.एड., आता डी.एल.एड.) आणि टीईटीचा पहिला पेपर, हा त्यातला नेहमीचा मार्ग. ही किमान अर्हता राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने ठरवली. २०१८ मध्ये बी.एड. वाल्यांनाही प्राथमिकला येऊ दिलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये ते अमान्य केलं. बी.एड. कमी दर्जाचं आहे म्हणून नव्हे. ते मोठ्या मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण आहे. सहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख करून देणं हे वेगळं काम आहे. आणि हे नियम फक्त सरकारी शाळांना आहेत असा आपल्याकडे पक्का समज आहे. तो खरा नाही. विनाअनुदानित शाळेलाही पहिली ते आठवीसाठी ठरवलेली किमान अर्हता लागू आहे.

आमच्या बाई पवित्र पोर्टलवरून (शिक्षक भरतीचं सरकारी संकेतस्थळ) आल्या. म्हणजे पदविका, मग १५० गुणांच्या टीईटीत ६० टक्के (राखीव प्रवर्गांना सवलत आहे), मग २०० गुणांची अभियोग्यता चाचणी, मग गुणवत्ता यादी आणि त्यानंतर कायम होण्याआधी तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून १६ हजार रुपये मानधन. माझी जाऊ म्हणते, "मराठी शाळेत काय, कुणीही शिकवतं." मी तिला ही चाळण सांगितली, तर तिला खरं वाटेना. २०१९-२० च्या टीईटीत घोटाळा झाला, साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई झाली, हेही मी तिला लपवलं नाही. कारवाई झाली ते योग्यच झालं. पण त्या मूठभरांमुळे रात्ररात्र अभ्यास करून पास झालेल्यांकडे संशयाने बघणं मला सहन होत नाही.

दुसरे सर २००४ साली लागलेले, मुख्याध्यापकांचा प्रभारही त्यांच्याकडेच. त्यांची टीईटी झालेली नाही, कारण तेव्हा टीईटी नव्हतीच. महाराष्ट्रात ती २०१३ ला सुरू झाली. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, नाहीतर नोकरी जाईल. तेव्हापासून गावात कुजबुज आहे, "सर पात्र नाहीत म्हणे." हे बोलणं थांबवा. सर डी.एड. आहेत, त्यांच्या वेळच्या नियमाने पात्र ठरूनच नेमले गेलेत. या मुलांच्या काही आयाबापांनाही त्यांनीच वाचायला शिकवलंय. एवढ्या अनुभवानंतर बालमानसशास्त्राचे बहुपर्यायी प्रश्न सोडवत बसायची वेळ त्यांच्यावर यावी हे मला पटत नाही, तरी ते मन लावून अभ्यास करताहेत.

आता कमतरता. पाच वर्ग आणि दोन शिक्षक. बाईंकडे पहिली-दुसरी, सरांकडे तिसरी, चौथी, पाचवी एकत्र. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, केंद्रावरच्या बैठका हे सगळं सरांच्याच डोक्यावर. ते बाहेर गेले की पाचही वर्ग बाईंकडे. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देऊ नये. पण माहिती भरणं हे शाळेचंच काम धरलं जातं, आणि चौथीचा भागाकार अर्धा राहतो. माझ्या मुलीचा राहिला, मी घरी घेतला. ज्या घरात घेणारं कुणी नाही त्या मुलांचं काय? पाचपैकी दोन तारे मी याच एका गोष्टीसाठी कापते.

ही शाळा असो वा दुसरी, प्रवेशाआधी दारावरचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) टिपून घ्या, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर त्या शाळेत किती शिक्षक आणि त्यांची व्यावसायिक अर्हता काय, हे आकड्यांत दिसतं. मग मुख्याध्यापकांना सरळ विचारा, माझ्या मुलाच्या वर्गाला कोण शिकवणार, पदविका आहे का, टीईटी आहे का. जिल्हा परिषदेच्या शाळेत उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शाळा व्यवस्थापन समितीतही तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, तिथे बोला.

शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. आमचा पट ५८. वाडीतली सात मुलं रोज सकाळी व्हॅनने तालुक्याला जातात. त्यातली तीन जरी जूनमध्ये इकडे आली तर आम्ही समितीत ठराव करून तिसऱ्या शिक्षकाची मागणी कायदा दाखवून करू शकतो. त्या तीन घरांशी मी बोलतेय. दोघींनी बाईंचा तास बसून बघायचं कबूल केलंय.