दोन तासांचं ऑपरेशन, अकरा महिन्यांची फिजिओ: गेवराईच्या एका कबड्डी रेडरचा (चढाईपटूचा) अनुभव

नोव्हेंबर २०२४. कबड्डीत बोनस गुण घ्यायला पाय टाकला, परत वळलो आणि गुडघ्यात ‘कट’ असा आवाज आला. कुणी धरलंसुद्धा नव्हतं. त्यानंतरचे दोन आठवडे मी जे केलं ते कुणी करू नये. सुजलेल्या गुडघ्याला तेल लावून चोळून घेतलं, वर घट्ट पट्टा बांधला. सूज उतरली, चालता आलं, वाटलं झालं बरं. मग एक दिवस शेतात बांधावरून उतरताना गुडघा जागच्या जागी निसटला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट, पूर्ण तुटलेलं निघालं. डिसेंबरात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मांडीच्या मागची शीर (रक्ताची नाही, स्नायूची दोरी) काढून तिचंच नवं लिगामेंट बसवलं. दोन तासांत सगळं उरकलं.

त्याच्यापुढचे अकरा महिने फिजिओथेरपीत गेले.

सुरुवातीला जवळ पडतं म्हणून एका ठिकाणी जात होतो. खाटेवर आडवं व्हायचं, करंटची मशीन लावून घ्यायची, वीस मिनिटं मोबाईल बघायचा, तीनशे रुपये देऊन घरी. पाच आठवडे हेच. मशीन लावली की बरं वाटायचं, नाही असं नाही. पण गुडघा पूर्ण सरळ होत नव्हता आणि मांडी इतकी सुकली की पँट एका पायात ढगळ दिसायला लागली. माझ्या दुकानात येणारे शेतकरी विचारायचे, “अजून कामून लंगडायलास?” उत्तर नव्हतं.

मग संभाजीनगरला खेळाडूंचे पाय बघणाऱ्या एका मॅडमकडे गेलो. एसटीनं दोन-अडीच तास. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “चढाई कुठल्या बाजूनं करता? कोणत्या पायावर वळता?” कुठं दुखतंय ते नंतर. कोनमापकानं गुडघा मोजला. सरळ व्हायला दहा अंश कमी. म्हणाल्या, वाकवायचं मागाहून बघू, आधी सरळ करा. गुडघ्यात सूज असली की मेंदूच मांडीच्या पुढच्या स्नायूला आखडता हात घ्यायला लावतो. तुम्ही कितीही जोर लावा, तो पूर्ण जागा होत नाही. करंट त्यांनीही लावला, पण मी मांडी आवळत असताना. मशीन तीच, फक्त तिच्यासोबत मीही कामाला लागलो होतो.

घरचा व्यायाम म्हणजे टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा अधांतरी सोडायचा. दहा मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. ऐकायला काहीच नाही, करताना डोळ्यांत पाणी येतं. पायाला बांधायचं वजन विकत घेतलं नाही. आईनं जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, दुकानातल्या काट्यावर मोजून एक किलो ज्वारी भरली. पुढं दीड, मग दोन. लाईट गेली की बर्फ रसवंतीवाल्याकडून.

आता खरं सांगायचं ते तिसऱ्या ते सहाव्या महिन्याबद्दल. ह्या काळात गुडघा दुखत नाही. मोटरसायकल चालते, पोतं उचलता येतं, आणि माणसाला वाटतं आपण बरे झालो. आतली परिस्थिती वेगळी. बसवलेल्या शिरेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. शरीर तिला हळूहळू आपलंसं करून घेतं, आणि त्या दरम्यान ती बसवली त्या दिवसापेक्षाही कमजोर होते. एप्रिलमध्ये पोरांनी स्पर्धेला बोलावलं. मॅडमना न विचारता बूट घातले. मग विचारलं. त्या चिडल्या नाहीत, फक्त एवढंच म्हणाल्या, “नऊ महिन्यांच्या आत खेळलात तर पुन्हा तुटण्याचा धोका कितीतरी जास्त. ठरवा.” मी त्यांच्यावर चार दिवस रुसलो. मैदानाबाहेर बसून स्कोअर लिहिला.

जूनमध्ये परीक्षा घेतली. एका पायावर उडी, तीन सलग उड्या, मशीनवर मांडीचा जोर. ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या ७८ टक्के. निदान ९० हवेत. मोबाईलवर हळू करून दाखवलं तेव्हा कळलं, उडीवरून उतरताना माझा गुडघा आत वळतो. कदाचित तुटण्याआधीही वळत असेल. ते सुधारायला दोन महिने गेले. नुसतं आरशासमोर पायरीवरून उतरायचं.

जुलैत बातमी आली की आपल्या आष्टीच्या मांडव्याचा स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) धावपटू अविनाश साबळे मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या अडथळ्यापाशी पडला. एसीएल आणि मेनिस्कस (गुडघ्यातली गादी), दोन्ही. टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. ऑलिम्पिक खेळणारा माणूस आणि मी एकाच रांगेत! त्या दिवशी ज्वारीची पिशवी जरा हलकी लागली.

तक्रारी पण सांगतो. गावाजवळ असं कुणी नाही. तिसऱ्या महिन्यानंतर पंधरा दिवसांनी जायचो, मधे व्हिडिओ कॉल, तरी फीपेक्षा येण्याजाण्याचा आणि दुकान बंद ठेवण्याचा खर्च जास्त झाला. ऑपरेशनचे पैसे विम्यातून मिळाले, फिजिओचा एक रुपया नाही. ऑपरेशनआधीच हे धरून चाला. व्यायामाचा कागद इंग्रजीत होता, आईला वाचून दाखवायची पंचाईत. कबड्डीचं मॅट तिथं नव्हतं. शेवटी घोट्याला टॉवेल बांधून मॅडमच मागं ओढायच्या आणि मी रेषेकडं झेप घ्यायचो. पाहणारे हसायचे. सप्टेंबरात अतिवृष्टीनं रस्ते बंद पडले तेव्हा दोन आठवडे गेलोच नाही, आणि मांडीनं ते लगेच दाखवलं.

ऑक्टोबरला ९३ टक्के. आधी सराव, मग अर्धा डाव, आता पूर्ण. त्या पायावर वळताना अजून क्षणभर विचार येतो, आणि चांगला बचावपटू तेवढ्यात धरतो. मॅडम म्हणतात, गुडघ्यापेक्षा भीतीला उशीर लागतो. मांडी घालून जेवायला बसलो तर उठताना हात टेकावा लागतो.

मॅडमच्या फिजिओला पाचपैकी चार तारे. एक तारा एसटीच्या हेलपाट्यांचा कापला. आठवड्यातून दोनदा व्यायाम चालू ठेवायला सांगितलंय, पण परवा पिशवी शोधली तर आईनं ज्वारी दळून आणली होती. आता तिच्यात वाळू भरलीय.