ग्रीस ट्रॅप चांगला निघाला, देखभाल कराराचे (एएमसी) पैसे मात्र पाण्यात (दीड वर्षाचा अनुभव)

आमचं छोटं हॉटेल आहे, सकाळी मिसळ, दुपारी थाळी, तीसेक खुर्च्या. मिसळ म्हटली की तर्री आली आणि तर्री म्हटली की तेल, त्यामुळे दर थंडीत मागच्या बोळातलं चेंबर तुंबायचं आणि वरच्या मजल्यावरच्या काकू सकाळी सकाळी आमच्या नावाने ठणाणा करायच्या. शेवटी भांड्यांच्या बेसिनखाली स्टीलचा ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारा डबा, बसवला, 60 लिटरचा, 304 ग्रेड (स्टेनलेस स्टीलचा एक दर्जा), फिटिंगसकट 18 हजारांना पडला.

आधी डब्याबद्दल. आत मशीन वगैरे काही नाही. पहिल्या कप्प्यात जाळीची बादली, तिच्यात शितं, मटकी, कोथिंबिरीच्या काड्या अडकतात, पुढे पत्र्याचे पडदे आहेत त्यांनी पाण्याचा जोर मोडतो, तेल हलकं म्हणून वर येतं, गाळ तळाला बसतो आणि मधलं पाणी पलीकडच्या पाइपातून निघून जातं. पत्रा जाड आहे, वेल्डिंग स्वच्छ, अजून गंज नाही. चूक आमची झाली ती बसवताना. डबा बेसिनखाली फिट्ट बसला म्हणून खुश झालो आणि पहिल्या सफाईला कळलं की झाकण उघडतंय पण बादली वर निघतच नाहीये, बेसिनला अडते! परत प्लंबर, परत तोडफोड. घेताना नुसती डब्याची उंची बघू नका, बादली पूर्ण वर उचलायला जागा किती लागते ते टेप लावून बघा.

आता एएमसी. विकणाऱ्यानेच गळ्यात मारली, महिन्यातून एकदा माणूस येणार. यायचा तो, नाही असं नाही, पण मगने वरचा थर काढायचा, कार्डावर सही घ्यायचा, तळाचा गाळ तसाच. वर एक लिंबाच्या वासाचं लिक्विड ओतायचा, की डबा कसा चकाचक. मला वाटलं जादू आहे राव. दोन महिन्यांनी चेंबर उघडलं तर पांढरट मेणासारखे गोळे, पाइपाच्या तोंडाशी हाताएवढे. ते लिक्विड म्हणजे डिग्रीझर, तेल संपवत नाही, नुसतं पाण्यात फोडून पुढे ढकलतं आणि पुढे गार झालं की ते परत गोठतं. उकळतं पाणी ओतलं तरी हेच होतं, आमच्या मावशी रोज रात्री प्रेमाने पातेलंभर ओतायच्या, ते आधी बंद केलं. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 साली गटारात 250 मीटर लांब, 130 टनांचा असाच चरबीचा गोळा सापडला होता, आमचा त्याचाच धाकटा भाऊ म्हणायचा.

एएमसी सोडली. आता सोमवारी सुट्टीला मी आणि एक पोरगा, अर्धा तास लागतो. वर आमसुली रंगाचा थर असतो, थंडीत इतका घट्ट की झारा उभा राहतो. आधी तो काढायचा, मग पाणी उपसून तळाचा गाळ, मग पडदे खरवडायचे. हिशोब सोपा आहे, वरचा थर आणि खालचा गाळ मिळून पाण्याच्या खोलीचा चौथा भाग झाला की साफ करायलाच हवा. आमची खोली 12 इंच, म्हणजे 3 इंच. वाट बघत बसलात तर कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. आमचा डबा गुडघ्याएवढा म्हणून घरी जमतं, जमिनीखालची मोठी टाकी असेल तर पोरांना आत अजिबात उतरवू नका, आत साचलेला तो कुजका गॅस जीव घेतो, गाडी बोलवून बाहेरूनच उपसून घ्या.

आणि हो, भज्यांचं जळकं तेल या डब्यात जाऊ देऊ नका. ते वेगळ्या कॅनमध्ये साठवतो, बायोडिझेलवाले घेऊन जातात. ट्रॅपमधला मळ मात्र ते घेत नाहीत, पाणी आणि खरकटं असतं ना त्यात.

ताटं धुण्याआधी खरकटं झटकून तेल कागदाने पुसायला लावलं तेव्हापासून थर जवळपास निम्मा झालाय. हे मला 18 हजार घालवायच्या आधी कोणी सांगितलं असतं तरी डबा घेतलाच असता, फक्त 40 लिटरचा घेतला असता.

डब्याला 4 स्टार, एक कापला कारण झाकणाचं रबर वर्षात आखडलं आणि वास यायला लागला, नवीन टाकलं. एएमसीला 1, तोही माणूस वेळेवर यायचा म्हणून.