ऑइल वरून खेचणारा हातपंप : देवगडच्या खळ्यातील दोन वर्षांचा अनुभव

देवगड तालुक्यातील आमच्या गावापासून माझ्या गाडीच्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर सुमारे 50 किलोमीटरवर आहे. केवळ इंजिन ऑइल बदलण्यासाठी तेवढे अंतर जाऊन अख्खा दिवस मोडणे मला नेहमीच खटकत असे, म्हणून गेली पाच वर्षे हे काम मी घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, करतो. पहिली तीन वर्षे चेंबरचा, म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठते त्या भांड्याचा, ड्रेन बोल्ट खालून उघडून ऑइल काढले. गेल्या दोन वर्षांत मात्र डिपस्टिकच्या (ऑइलची पातळी पाहण्याच्या पट्टीच्या) नळीतून ऑइल वर खेचणारा हातपंप वापरला. या पंपाने तीन वेळा ऑइल बदलल्यावर मत मांडावे असे ठरवले होते, त्यानुसार हे लिहीत आहे.

पंप घेण्याचे पहिले कारण म्हणजे आमची खारी हवा. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत उभी राहणारी गाडी वरून कितीही चकचकीत दिसली, तरी खालच्या बाजूचे बोल्ट गंजतात. त्यातच एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीचा ड्रेन बोल्ट इतका आवळला गेला की पुढच्या खेपेस त्याचे कोपरे गेले आणि नवा बोल्ट बसवावा लागला. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत या बोल्टसाठी 35 न्यूटन-मीटर इतकाच जोर सांगितला आहे. लांब दांड्याच्या पान्यावर सगळा भार टाकला तर त्याहून कितीतरी अधिक जोर लागतो, आणि चेंबरचे आटे एकदा गेले की खर्च ऑइलच्या अनेक पटींनी वाढतो.

दुसरे कारण याहून गंभीर आहे. आमच्याकडे गाडी उचलायची म्हटले की चाकाशेजारी किंवा जॅकखाली चिरा ठेवण्याची सवय आहे. जांभ्याचा चिरा भिंतीत बसल्यावर पिढ्यान् पिढ्या टिकतो, पण एका कोपऱ्यावर भार आला की तो अचानक फुटतो. चिऱ्यावर किंवा नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. वरून ऑइल काढता येत असल्याने हा धोका पत्करण्याची वेळच येत नाही, आणि एवढ्या एका गोष्टीसाठीही मी हा पंप घेतला असता.

पंपाची रचना साधी आहे. सहा लिटरची जाड प्लास्टिकची टाकी, वर सायकलच्या पंपासारखा दांडा, एक लवचीक नळी आणि तिला जोडायच्या दोन बारीक नळ्या. इंजिन पाच-सात मिनिटे चालवून बंद करावे, ऑइल कोमट व पातळ झाले की डिपस्टिक काढून बारीक नळी चेंबरच्या तळाला टेकेपर्यंत आत सोडावी आणि दांडा पंधरा-वीस वेळा ओढावा. टाकीतील हवा निघून गेल्यावर ऑइल आपोआप चढू लागते आणि दहा-बारा मिनिटांत नळीत हवेचा गुरगुराट ऐकू येतो. त्यानंतर नळी थोडी वर-खाली व बाजूला फिरवली तर मागे राहिलेले आणखी थोडे ऑइल येते. घाई करणारे नेमके इथेच थांबतात. इंजिन अगदी तापलेले असताना मात्र हे काम करू नये, कारण बारीक नळी उष्णतेने मऊ पडून दबते आणि ऑइल येणे बंद होते. पहिल्या खेपेस माझे तसेच झाले.

सगळे ऑइल निघते का, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. दुसऱ्या खेपेस मी खात्री करून घेतली. पंपाने काढून झाल्यावर गावातील मेकॅनिककडे गाडी रॅम्पवर चढवून ड्रेन बोल्ट उघडायला लावला, तेव्हा मापात अंदाजे 200 मिलिलिटर ऑइल मिळाले. माझ्या 1.2 लिटर पेट्रोल इंजिनात फिल्टरसह 3.1 लिटर ऑइल बसते, म्हणजे सहा-सात टक्के जुने ऑइल आत राहिले. एवढ्याने इंजिनाचे नुकसान होईल असे मला वाटत नाही, पण तळाशी बसलेला गाळ मात्र पंपाने पूर्ण येत नाही. म्हणून एक बदल पंपाने आणि पुढचा रॅम्पवर बोल्ट उघडून, असा क्रम मी ठरवला आहे. त्या निमित्ताने गाडीच्या खालच्या बाजूचा गंजही पाहून होतो. आत ऑइल उरत असल्यामुळे नवे ऑइल पूर्ण 3.1 लिटर एकदम ओतू नये. पावणेतीन लिटर घालून इंजिन मिनिटभर चालवावे, थोडे थांबून डिपस्टिक पाहावी आणि मग वरच्या खुणेपर्यंत थोडे थोडे वाढवावे. पातळी खुणेच्या फार वर गेली तर इंजिनातला फिरणारा दांडा, म्हणजे क्रँक, ऑइल घुसळतो, फेस होतो आणि वंगण नीट पोहोचत नाही.

फिल्टरच्या बाबतीत पंपाचा काहीच उपयोग नाही. माझ्या गाडीत समोरून बंपरखाली हात घालून तो निघतो. ज्यांच्या गाडीत तो खालूनच काढावा लागतो, त्यांची निम्मी सोय इथेच संपते. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावावे आणि रबर टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा आवळावा.

ऑइल पुस्तिकेत सांगितलेलेच घ्यावे. माझ्या गाडीला 0डब्ल्यू-20 या दर्जाचे पातळ ऑइल लागते. उन्हाळा कडक म्हणून जाडे ऑइल घाला, हा आमच्याकडे सर्रास मिळणारा सल्ला मी मानत नाही. किलोमीटरपेक्षा महिने मोजणे मात्र कोकणात अधिक महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात बाजारापर्यंत तीन किलोमीटर जाऊन परतणाऱ्या गाडीचे ऑइल पुरेसे तापत नाही, आतली वाफ पाणी होऊन त्यात मिसळते आणि ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसू लागते. माझी गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटरही धावत नाही, तरी पावसाळा संपल्यावर, नवरात्राच्या सुमारास मी ऑइल बदलतोच. वर्षाच्या मध्ये लांबचा प्रवास झाला तर आणखी एकदा.

या पंपाचा मला सर्वांत मोठा वाटणारा गुण म्हणजे जमिनीवर थेंब पडत नाही. आमचे खळे जांभ्यावर आहे आणि विहीर त्यापासून पंचवीस पावलांवर. जांभा सच्छिद्र असल्याने वर सांडलेले पावसाबरोबर खाली झिरपते. काळे ऑइल कुंपणाच्या मेढींना वाळवीसाठी फासण्याची पद्धत अजूनही गावोगाव आहे, पण त्यात धातूंचे कण आणि जळलेल्या इंधनाचे घातक अंश असतात, आणि घातक कचऱ्याच्या व्यवस्थापनाबाबतच्या 2016 च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडते. मी ते पंपाच्या टाकीतून नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये ओततो आणि वापरलेले ऑइल गोळा करून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे पाठवणाऱ्या गॅरेजात देतो.

उणिवा सांगायच्या तर टाकीवरील मापाच्या खुणा अचूक नाहीत. स्वयंपाकघरातील मापाने तपासल्या तेव्हा तीन लिटरला जवळजवळ पाव लिटरचा फरक निघाला. नळी अडकवण्याची लोखंडी क्लिप पहिल्याच पावसाळ्यात गंजली, ती मी स्टीलची बसवली. दांड्याचे रबर कोरडे पडू नये म्हणून वापरानंतर त्यावर नव्या ऑइलचे दोन थेंब सोडतो आणि पंप पिशवीत बांधून माळ्यावर ठेवतो. मी 3,200 रुपयांना घेतला. घेताना बारीक नळी जास्तीची मागून घ्यावी, आणि आपल्या गाडीच्या डिपस्टिकची नळी चेंबरच्या तळापर्यंत सरळ जाते का, हे मेकॅनिकला आधी विचारावे. काही गाड्यांत ती मध्येच अडते, आणि मग हा पंप त्या गाडीच्या कामाचा नाही.