‘ऑर्केस्ट्रा’ या एका शब्दापायी चार लाख साठ हजार

मी व्हायोलिन वाजवतो. नागपुरात ऑर्केस्ट्रात वाजवतो, म्हणजे हिंदी-मराठी सिनेमाची गाणी, लग्नाची रिसेप्शन, गणपतीचे कार्यक्रम. दिवाळीनंतर पूर्व विदर्भात झाडीपट्टीच्या नाटकांना जातो. तिकडे व्हायोलिनला कोणी विचारत नाही, ऑर्गनवर बसावं लागतं. दुपारी चार पोरं शिकायला येतात. हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण पुढची भानगड ‘ऑर्केस्ट्रा’ या शब्दावरूनच झाली.

जून २०२४. एका ओळखीच्या साउंडवाल्याने सांगितलं, रामदासपेठेत एक ऑफिस आहे, ते कलाकारांना इंग्लंडला पाठवून राहिले. त्याने स्वतःही पैसे भरले होते, त्यामुळे शंका घ्यायचं कारण वाटलं नाही. (त्याचेही बुडाले. आता आम्ही भेटलो की त्या विषयावर बोलत नाही.)

ऑफिस मूळचं स्टुडंट व्हिसाचं. एसी, काचेचा दरवाजा, पाणी आणून देणारा पोरगा. माणूस पस्तिशीचा, गोड बोलणारा. लॅपटॉप माझ्याकडे वळवून त्याने इंग्लंडच्या सरकारची एक यादी दाखवली. शॉर्टेज ऑक्युपेशन लिस्ट, म्हणजे ज्या कामाला त्यांच्याकडे माणसं कमी पडतात ती यादी. त्यात ३४१५ हा कोड आणि पुढे ‘म्युझिशियन्स’. बोट ठेवून म्हणाला, “पाहा भाऊ, सरकार स्वतः लिहून राहिलं. वादक कमी आहेत म्हणून. आणि खाली वाचा, ऑर्केस्ट्रा. तुम्ही ऑर्केस्ट्रातच वाजवता ना?”

वाजवतो, म्हटलं.

“आणि हे स्ट्रिंग, तारेचं वाद्य. व्हायोलिन स्ट्रिंगच असते ना?”

असते, म्हटलं.

आता खरं सांगतो. मी काही अगदीच अडाणी नाही, बी.ए. आहे. पण पंचवीस वर्षांत मला कोणी म्हटलं नव्हतं की तुझ्यासारख्यांचा तुटवडा आहे. नागपुरात उलटंच ऐकतो, ‘कीबोर्डवर व्हायोलिनचा टोन निघते, तुम्ही कशाला पाहिजे?’ आणि इथे एका देशाचं सरकार लिहून देत होतं. त्या दिवशी मी घरी जाताना सीताबर्डीवरून पेढे घेऊन गेलो.

पैसे असे गेले. रजिस्ट्रेशनचे २५,०००. मग ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’चे, म्हणजे तिकडचा मालक आपल्याला कामाला बोलावतो याच्या दाखल्याचे, १,६०,०००. ते आलं, म्हणजे एक छापील कागद आला, रंगीत, वर कंपनीचं नाव, खाली सही-शिक्का आणि वर्षाला २२,००० पौंड पगार. आम्ही त्याला लॅमिनेशन केलं. मग ‘कोटा फुल होऊन राहिला’ म्हणून २,१०,०००, आणि ‘वादकांना इंग्रजीची परीक्षा माफ करून घेतो’ म्हणून ६५,०००. अर्धे ट्रान्सफरने, अर्धे रोख. रोखीच्या पावतीवर लिहिलेलं, कन्सल्टेशन फी, परत मिळणार नाही. मी सही केली.

पोळ्याच्या सुमारास वडशाला नाटक कंपनीच्या मालकांना फोन करून सांगितलं, दादा, यंदा मी नाही, लंडनला चाललो. ते म्हणाले, जा बाप्पा, सुखी राहा. ऑर्गनवर दुसरा पोरगा बसला.

उलगडा केला तो माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीच्या आईने. त्या आयटीत आहेत, मिहानमध्ये. लॅमिनेशन केलेला कागद मी कौतुकाने दाखवायला काढला, तर त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, हा कागद नसतोच. तिकडे फक्त कॉम्प्युटरमध्ये नोंद असते आणि आपल्याला नंबर मिळतो.” मग त्यांनी ती यादी उघडली. मला दाखवली होती ती नव्हे, चालू असलेली.

पहिली गोष्ट, शॉर्टेज ऑक्युपेशन लिस्ट ४ एप्रिल २०२४ लाच बंद झाली होती. तिच्या जागी इमिग्रेशन सॅलरी लिस्ट नावाची यादी आली. मी जूनमध्ये ऑफिसात बसून जी यादी बघत होतो ती दोन महिन्यांपूर्वीच मेलेली. वादकांचा कोड नव्या यादीतही होता, पण तिथे किमान पगार ३०,९६० पौंड. माझ्या कागदावर २२,०००. म्हणजे कागद खरा असता तरी त्यावर व्हिसा मिळालाच नसता! खोटं करणाऱ्याने निदान आकडा तरी नीट टाकायचा.

दुसरी गोष्ट लागली ती इथे, छातीत. ‘म्युझिशियन्स’च्या पुढे अट होती, जुन्या यादीतही आणि नव्या यादीतही. फक्त ऑर्केस्ट्रातले लीडर, प्रिन्सिपल, सब-प्रिन्सिपल किंवा नंबर दिलेल्या स्ट्रिंगच्या जागा, आणि तेही इंग्लंडच्या आंतरराष्ट्रीय नावाच्या ऑर्केस्ट्रांच्या दर्जाचे. त्यांचा ऑर्केस्ट्रा म्हणजे सिम्फनी. साठ-सत्तर माणसं समोर कागद ठेवून वाजवतात, पहिल्या व्हायोलिनवाल्याला लीडर म्हणतात, आणि खुर्ची ठरते ऑडिशनवर. मला स्टाफ नोटेशन वाचता येत नाही. मी सारेगम लिहितो, बाकी कानावर. शब्द तोच, पण त्यांचा ऑर्केस्ट्रा वेगळा अन् आपला वेगळा, आणि मधल्या त्या फटीतून माझे पैसे गेले.

नाचणाऱ्यांचंही तसंच. कोड ३४१४, पण पुढे फक्त बॅले आणि कंटेम्पररी. त्याच ऑफिसात मला लावणीवाल्या दोन बाया भेटल्या होत्या, त्यांनाही यादीतला एकच शब्द दाखवला असणार. एखाद्या कोडसमोर धंद्याचं नाव दिसलं की लगेच हुरळू नका, पुढे ‘फक्त’ लिहिलेलं असतं ते वाचा.

कोटा नावाचा प्रकार त्या यादीत नव्हताच, ते एक थापच. इंग्रजीची परीक्षा ‘माफ करून’ द्यायचा अधिकारही कुणा एजंटाला नाही. स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटची फी तेव्हा २३९ पौंड होती, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या आसपास, आणि सरकारकडे ती भरायची मालकाने. ३१ डिसेंबर २०२४ पासून तर स्किल्ड वर्कर, म्हणजे या नोकरीच्या व्हिसाच्या बाबतीत मालकाने ती कामगाराकडून वसूल करायलाच बंदी आहे.

कंपनीचं नाव मात्र खरं निघालं. तिकडच्या सरकारच्या वेबसाइटवर परवानाधारक स्पॉन्सरांची यादी सगळ्यांना बघता येते, तिच्यात ते होतं. म्हणून क्षणभर जीव भांड्यात पडला. बाईंनी कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरचा ईमेल शोधून विचारणा केली. दोन दिवसांत उत्तर आलं, आम्ही रेस्टॉरंट चालवतो, व्हायोलिनवादकाची आम्हाला गरज नाही. सभ्य भाषेत होतं. एजंटाने दिलेल्या ईमेलवर कधीच विचारू नका, तिथे उत्तर देणाराही तोच असतो.

आपल्याकडचा कायदाही मला नंतर कळला. परदेशात नोकरी लावून देणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते, ई-मायग्रेट पोर्टलवर नाव आणि नंबर तपासता येतो, आणि तो घेऊ शकतो जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी. मी गेलो तेव्हा तो म्हणाला, “आम्ही रिक्रूटर नाही भाऊ, सल्लागार.” ‘सल्लागार’ म्हणवणारा नोकरीचे पैसे घेत असेल तर तिथेच उठायचं होतं. मी चहाचा दुसरा कप घेतला.

तक्रार दिली आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही फोन केला, पण तो नंबर पैसे गेल्या-गेल्या लावला तर उपयोगाचा, माझे गेलेले दोन महिने झाले होते. ट्रान्सफरचे पुरावे आहेत, रोखीचं काही नाही. ऑफिसला कुलूप आहे.

आमच्यातले काहीजण खरोखर जातातही. तिकडच्या मंडळांच्या कार्यक्रमांना, महिनाभराच्या आत, रीतसर आमंत्रणावर. मोठं काम असेल तर क्रिएटिव्ह वर्कर नावाचा वेगळा व्हिसा आहे, एका वेळी जास्तीत जास्त बारा महिन्यांचा, स्पॉन्सर लागतोच. त्यासाठी धंदा तुटवड्याच्या यादीत असावा लागत नाही. हे जाऊन आलेल्या एका तबलजीने मला सांगितलं. आधी विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.

मागच्या महिन्यात भंडाऱ्याहून एका ढोलकीवाल्या पोराचा फोन आला. “काका, इंग्लंडची नवीन लिस्ट निघाली म्हणते, टेम्पररी शॉर्टेजची. हा एक जण दाखवून राहिला. घेऊ का?” नवी यादी निघाली हे खरं आहे, २२ जुलै २०२५ पासून. म्हटलं, त्याने दाखवलेल्या पानाचा फोटो पाठव, पूर्ण.

फोटो आला. कोड आणि धंद्याचं नाव ठळक दिसत होतं. खालची ओळ कापलेली होती.