मुलीच्या नावासाठी घेतलेले ॲप: अक्षर अचूक, ‘दुर्मीळ’ यादी फसवी

बहिणीच्या मुलीच्या बारशाआधी आम्ही बाळांच्या नावांचे एक सशुल्क ॲप घेतले. जन्मवेळ आणि गाव भरताच ते नक्षत्र, चरण आणि नावरसाचे अक्षर सांगते, आणि आमच्या गुरुजींनी पंचांगावरून काढलेले अक्षरही तेच निघाले. अडचण त्यापुढे सुरू होते. २७ नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण धरून होणाऱ्या १०८ अक्षरांत आर्द्रेचे ‘ङ’, हस्ताचे ‘ण’ आणि उत्तरा भाद्रपदेचे ‘ञ’ अशी अक्षरे आहेत की ज्यांवरून नाव सुरूच होत नाही. आमच्या वाट्याला नेमका ‘ण’ आला. अशा वेळी राशीचे दुसरे अक्षर घ्यावे किंवा नावरसाचे नाव पत्रिकेपुरते ठेवून हाक मारायचे नाव स्वतंत्रपणे निवडावे, ही पद्धत मराठी घरांत जुनीच आहे. ॲप मात्र ‘एकही नाव सापडले नाही’ एवढे सांगून मोकळे होते.

ज्या सोयीसाठी पैसे मोजले, ती ‘दुर्मीळ नावे’ ही यादी सर्वांत निराशाजनक आहे. पहिल्याच पानावर अन्वी, सान्वी, आद्या, मायरा आणि कियारा! मुंबई-पुण्याकडच्या बालवाड्यांत ही नावे ऐकून कोणी वळूनही पाहणार नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन नवजात बालकांच्या नावांची आकडेवारी दरवर्षी जाहीर करते. आपल्याकडे जन्मनोंदणीतून अशी वार्षिक यादी निघत नाही. त्यामुळे एखादे नाव आपल्या ग्राहकांपैकी किती जणांनी पसंत केले, एवढ्यावरूनच हे ॲप त्याला दुर्मीळ ठरवते, आणि तसा शिक्का मारून तेच नाव पुन्हा सर्व पालकांपुढे ठेवते. अर्थाच्या रकान्यावरही विसंबू नये, कारण तिथे निम्म्या नावांचा अर्थ ‘देवी’ किंवा ‘सुंदर’ असाच दिला आहे.

‘मराठी’ विभाग तर हिंदी यादीवरून उतरवलेला दिसतो. ‘ऋजुता’ हे नाव ‘रि’मध्ये शोधावे लागते, ‘ज्ञानदा’चे रोमन रूप जी-वाय या अक्षरांनी सुरू होते आणि ‘ळ’ तर कुठेच नाही, त्यामुळे चोखामेळ्यांच्या बहिणीची ‘निर्मळा’ इथे ‘निर्मला’ झाली आहे. सोयरा, महदंबा या जुन्या मराठी कवयित्रींच्या नावांचा पत्ताच नाही. खरोखर वेगळे आणि तरीही आपल्या कानाला ओळखीचे वाटणारे नाव ज्यांना हवे आहे, त्यांच्यासाठी खरा साठा याच दिशेला आहे, हे ॲप तयार करणाऱ्यांच्या ध्यानात आलेले नाही.

विषयवार शोधाची सोय मात्र मनापासून आवडली. ‘नद्या’ या सदरात वेण्णा, इंद्रायणी आणि प्रवरा, तर ‘राग’ या सदरात मधुवंती आणि आसावरी अशी सुरेख नावे आहेत. कन्या राशीचे ‘प’ अक्षरही चालेल असे गुरुजींनी सांगितल्यावर आमच्याकडे ‘प्रवरा’ ठरले, ते याच सदरातून. पूर्ण नाव जुळवून पाहण्याची सोयही आहे, परंतु ती केवळ वडिलांचे नाव आणि आडनाव विचारते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाच्या नावानंतर आईचे नाव येते, हा बदल तिथे अद्याप पोचलेला नाही.

बारशाला किती दिवस उरले याच्या सूचना ॲप सारखे पाठवत राहते. त्या खुशाल बंद कराव्यात. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असली, तरी ती नावाशिवाय होऊ शकते आणि १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे पुढे १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क नोंदवता येते. नद्या आणि राग यांची सदरे चाळण्यापुरती एका महिन्याची वर्गणी भरावी, आणि ती आपोआप पुढे चालू राहत असल्याने भरल्या दिवशीच रद्द करून ठेवावी.